जेवणाआधी अर्धा तास का? पोटाच्या आणि यकृताच्या औषधांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात घरातल्या औषधांच्या डब्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे पोटाच्या गोळ्यांविषयी होती आणि त्याखालोखाल यकृताच्या, म्हणजे आपण ज्याला सरसकट लिव्हर म्हणतो त्याच्या, औषधांविषयी. औषध शरीरात नेमके कुठे पोहोचते आणि तिथे केव्हा काम करते हे एकदा समजले की ते कधी घ्यायचे, किती दिवस घ्यायचे हे वेगळे पाठ करावे लागत नाही, असा माझा औषधशास्त्र शिकवतानाचा अनुभव आहे. म्हणून पुढील उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत. स्वतःचे औषध बदलताना किंवा बंद करताना मात्र आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

प्रश्न : माझे वय ५२. पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल तीन वर्षांपासून रोज घेतो. उपाशीपोटी गोळी घेऊ नये असे घरी सांगतात, म्हणून नाश्ता झाल्यावर घेतो. अलीकडे जळजळ पूर्वीसारखी थांबत नाही आणि दोन दिवस कॅप्सूल बंद केली तर दुप्पट होते. ही गोळी आता जन्मभर घ्यावी लागेल का? तिने मूत्रपिंड खराब होते असेही वाचले. (वाचक, कराड)

आपल्या पत्रात तीन-चार प्रश्न एकत्र आले आहेत आणि ते सगळे महत्त्वाचे आहेत, म्हणून सावकाश उत्तर देते.

जठराच्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्या पेशींत असंख्य सूक्ष्म पंप असतात. हे पंप पोटॅशियम आत ओढतात आणि त्याच्या बदल्यात हायड्रोजनचे आयन, म्हणजेच आम्ल, बाहेर टाकतात. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल ही सगळी एकाच कुळातील औषधे या पंपालाच कुलूप लावतात. यांतले पहिले, ओमेप्राझोल, १९८८ साली स्वीडनमध्ये बाजारात आले.

गोळी पोटात गेली आणि तिथेच आम्लाशी भिडली, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तसे होत नाही. हे औषध आम्लात नष्ट होते, म्हणून त्यावर आम्लात न विरघळणारे आवरण असते. वर्गात मी दरवर्षी अशी एक कॅप्सूल पांढऱ्या कागदावर उघडून दाखवते. आतून पावडर पडत नाही, तर खसखशीपेक्षा थोडे मोठे, गुळगुळीत गोल दाणे घरंगळतात. ते दाणे लिंबाच्या रसात टाकले तर बराच वेळ जसेच्या तसे राहतात. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकले तर काही वेळाने त्यांचे आवरण सुटू लागते. शरीरातही हेच होते. जठर ओलांडून दाणे लहान आतड्यात जातात, तिथे आवरण सुटते, औषध रक्तात शोषले जाते आणि रक्तातून फिरून मागच्या दाराने त्याच जठराच्या पेशीत पोहोचते. त्या पेशीतल्या अत्यंत आम्लधर्मी पोकळीत गेल्यावरच त्याचे रूप बदलते आणि ते पंपाला कायमचे चिकटते. म्हणूनच ही गोळी कुटून किंवा चावून घेऊ नये.

आता वेळेचे पाहू. पॅन्टोप्राझोल रक्तात जेमतेम काही तास टिकते. त्याचे प्रमाण साधारण तासाभरात निम्मे होते. तेवढ्या अवधीत जे पंप चालू असतील त्यांनाच ते पकडू शकते. उपाशी असताना बरेचसे पंप निजलेले असतात, अन्न आले की ते जागे होतात. म्हणून औषध रक्तात पोहोचण्याची वेळ आणि पंप जागे होण्याची वेळ यांची गाठ पडावी लागते, आणि ती पडते सकाळच्या पहिल्या खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी गोळी घेतली की. आपण नाश्त्यानंतर घेता तेव्हा अन्नामुळे औषध उशिरा शोषले जाते आणि ते पेशीपर्यंत पोहोचेतो पंपांची मुख्य पाळी संपत आलेली असते. ‘उपाशीपोटी गोळी नको’ हा घरचा सल्ला दुखण्याच्या गोळ्यांसाठी योग्य आहे, या गोळीसाठी नाही. मात्र गोळी घेऊन तास-दीड तासात काही खाल्लेच नाही तर तिचा पुरता उपयोग होत नाही. शिवाय शरीर रोज काही नवे पंप तयार करत असते, त्यामुळे पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. जळजळ झाली की एक गोळी घ्यायची आणि तासाभरात आराम पडण्याची वाट पाहायची, या पद्धतीने घेण्याचे हे औषध नव्हे.

बंद केल्यावर जळजळ दुप्पट होते, हा आपला अनुभव खरा आहे. आम्ल कमी झाले की शरीर गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक वाढवून आम्ल तयार करणाऱ्या यंत्रणेला सारखे ढोसत राहते. त्या यंत्रणेची ताकद महिनोन्‌महिने वाढत जाते, पण पंपांना कुलूप असल्याने ती जाणवत नाही. गोळी अचानक थांबली की कुलूप निघते आणि वाढलेली ताकद एकदम कामाला लागते. डेन्मार्कमधील एका अभ्यासात, जो २००९ साली प्रसिद्ध झाला, पोटाची कसलीही तक्रार नसलेल्या निरोगी लोकांना आठ आठवडे याच कुळातील गोळी देऊन ती थांबवली, तेव्हा त्यांच्यापैकी ४४ टक्के लोकांना आम्लपित्ताचा त्रास सुरू झाला. ज्यांना आधीपासून औषधाविना गोळी, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी, दिली होती त्यांच्यात हे प्रमाण १५ टक्के होते. म्हणजे ज्यांना आजार नव्हता त्यांनाही गोळी थांबवल्यामुळे जळजळ झाली. आपल्यासारखे अनेक जण दोन दिवसांच्या या उसळीलाच ‘माझा आजार गेला नाही’ असे समजतात आणि पुन्हा गोळी सुरू करतात. ही उसळी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा आधी निम्मी करावी, मग एक दिवसाआड घ्यावी, आणि मधल्या काळात जळजळ झाली तर साधे अँटासिड घ्यावे.

मूत्रपिंडाविषयी बोलायचे तर या औषधाने क्वचित मूत्रपिंडाला सूज येते, हे खरे आहे. बाकी अनेक आरोप केवळ निरीक्षणांवर आधारलेले आहेत. सतरा हजारांहून अधिक रुग्णांना सुमारे तीन वर्षे पॅन्टोप्राझोल किंवा औषधाविना गोळी देऊन केलेली एक मोठी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत आतड्याचे संसर्ग थोडे वाढलेले आढळले, मूत्रपिंडाचे आजार किंवा हाडे मोडण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम अधूनमधून तपासावे. अन्ननलिकेला गंभीर इजा झालेल्यांना किंवा हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या वयस्कर माणसांना ही गोळी दीर्घकाळ लागते. अशांनी हे वाचून ती बंद करू नये.

मला आपल्या कॅप्सूलमधल्या दुसऱ्या औषधाची अधिक काळजी वाटते. डॉम्पेरिडोन जठराची हालचाल वाढवते आणि मळमळ थांबवते. ते उलटीसाठी थोडे दिवस घेण्याचे औषध आहे. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ साली त्याचा वापर दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि साधारण एक आठवडा एवढ्यावर आणला, कारण त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते आणि साठीनंतर हा धोका वाढतो. आपल्याकडे मात्र ते आम्लपित्ताच्या कॅप्सूलमध्ये जोडीला येते आणि लोक ते वर्षानुवर्षे घेत राहतात. निदान हे दुसरे औषध आपल्याला खरोखर हवे आहे का, एवढे आपल्या डॉक्टरांना येत्या भेटीत जरूर विचारा. आणि एक गोष्ट विसरू नका: पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला छातीत जळजळ होऊन सोबत घाम, दम किंवा हाताकडे, जबड्याकडे जाणारी कळ असेल तर तो ‘गॅस’ समजू नये. घास अडकणे, वजन घटणे, काळी शौचास होणे यांपैकी काही असेल तर गोळ्या बदलत बसण्याऐवजी एन्डोस्कोपी करून घ्यावी.

प्रश्न : पूर्वी डॉक्टर रॅनिटिडिन द्यायचे, ते आता लिहीत नाहीत. ते वाईट होते का? त्याऐवजी मी फ्रूट सॉल्टची पुडी घेते. मला रक्तदाब आहे. (वाचक, नांदेड)

आम्ल तयार करणाऱ्या पेशीला तीन निरोप येतात, त्यांतला एक हिस्टामिनचा. तो निरोप अडवणारे औषध ब्रिटनमधले शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी शोधले. सिमेटिडिन या नावाने ते १९७६ साली बाजारात आले आणि पुढे ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल मिळाले. त्याआधी जठराच्या व्रणासाठी पोट उघडून मज्जातंतू कापण्याच्या शस्त्रक्रिया सर्रास होत. रॅनिटिडिन त्याच कुळातले. ते निकामी म्हणून मागे पडले नाही. साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, त्याच्या रेणूपासूनच एनडीएमए हा कर्करोगाची शक्यता वाढवणारा पदार्थ तयार होतो असे आढळले, म्हणून अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावले आणि भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते २०२२ साली वगळले गेले. याच कुळातील फॅमोटिडिनच्या बाबतीत हा दोष आढळलेला नाही आणि अधूनमधून होणाऱ्या जळजळीसाठी ते चांगले आहे. रोज घेतले तर एक-दोन आठवड्यांत शरीर त्याला सरावते, हे मात्र लक्षात ठेवा.

फ्रूट सॉल्टची पुडी आपण घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगते. ती म्हणजे खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल. पाण्यात फसफसते, ढेकर येतो आणि बरे वाटते. पण पाच ग्रॅमच्या एका पुडीतून सुमारे ०.८ ग्रॅम सोडियम पोटात जाते, म्हणजे दोन ग्रॅम मिठातून जाते तेवढे. जेवणात वरून मीठ न घेण्याचे पथ्य आपण पाळत असाल तर ते एका पुडीने वाया जाते. मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचे पातळ अँटासिड त्यापेक्षा बरे. मॅग्नेशियमने शौचास पातळ होते, ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ होते, म्हणून बहुतेक बाटल्यांत दोन्ही एकत्र असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हेही विचारूनच घ्यावे. थायरॉइडची गोळी आणि अँटासिड यांत चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर ती गोळी आतड्यातच अडकून राहते आणि रक्तात पोहोचत नाही. लोहाच्या गोळ्या आणि काही प्रतिजैविके यांच्याही बाबतीत असेच घडते.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाला जुलाब लागले की मेडिकलमधून जुलाब थांबवण्याची गोळी आणून अर्धी द्यावी का? ओआरएस दिले तरी जुलाब थांबत नाहीत, मग त्याचा उपयोग काय? (वाचक, जत)

गोळी देऊ नका. जुलाब थांबवणारे लोपेरामाइड हे मुळात अफूच्या कुळातील औषध आहे. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंवर काम करून ते आतड्याची हालचाल मंदावते. मोठ्या माणसाच्या मेंदूत ते शिरू शकत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांतली एक यंत्रणा त्याला सतत बाहेर ढकलते. लहान मुलांत मात्र त्याने आतडे लुळे पडणे, गुंगी येणे असे गंभीर प्रकार घडले आहेत. शिवाय रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर जंतू आणि त्यांचे विष बाहेर टाकण्याची वाटच आपण बंद करतो. मोठ्या माणसानेही अशा हगवणीत ही गोळी घेऊ नये. प्रवासात साधे पाण्यासारखे जुलाब झाले तर मोठ्यांनी एक-दोन दिवस घ्यायला हरकत नाही. नॉरफ्लॉक्सॅसिन आणि टिनिडाझोल या जंतुनाशकांची जोडगोळी तर मुलाला कदापि स्वतःहून देऊ नये. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात आणि विषाणूंवर ती काहीच करत नाही.

आता ओआरएसचे. ते जुलाब थांबवण्यासाठी नसतेच. जुलाबात मूल दगावते ते पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आतड्याच्या पेशीला सोडियम आत घेण्याचे अनेक दरवाजे असतात आणि पटकीसारख्या (कॉलरा) आजारात त्यांतले काही बंद पडतात. पण एक दरवाजा चालूच राहतो: त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. म्हणून साखरेविना नुसते मीठ किंवा मिठाविना नुसती साखर पुरत नाही. हे ज्ञान प्रयोगशाळेत होते; ते माणसांच्या कामी आले १९७१ साली, बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांनी भरलेल्या पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत. पटकी पसरली, सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या पाण्यात कालवून पिंपांत भरल्या आणि नातेवाइकांनाच पाजायला लावल्या. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

इंटर्नशिपमध्ये असताना एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्यात आणलेले एक मूल मला आजही आठवते. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. त्याच्या आजीला मी वाटी आणि चमचा दिला. दर मिनिटाला एक चमचा, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. चार तासांनी आजीने हाक मारून मला लंगोट दाखवला: तो लघवीने ओला झाला होता. जुलाब त्यानंतरही दोन दिवस चालू होते, पण मूल वाचले होते.

एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालावी. पेल्यात चिमूटभर टाकून ‘गरजेपुरते’ करू नये, कारण प्रमाण चुकले की दोन्हीकडून नुकसान होते. सध्याच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते; पाकिटावर हेच आकडे आहेत का, ते पाहून घ्या. तशाच दिसणाऱ्या खोक्यांतली गोड पेये वेगळी. जास्त साखर उलट आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालते. सोबत झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, अशी १४ दिवस द्यावी. जुलाब थांबले तरी ती पूर्ण करावी, कारण आतड्याचे खरवडलेले अस्तर भरून यायला ती मदत करते. मूल सुस्त पडले, काहीच पिईना, शौचावाटे रक्त पडले किंवा लघवी बंद झाली तर लगेच दवाखाना गाठावा. जेवण आणि अंगावरचे दूध कधीही थांबवू नये.

प्रश्न : रोज रात्री सोनामुखीचे चूर्ण घेतल्याशिवाय पोट साफ होत नाही. इसबगोल त्यापेक्षा बरे का? (वाचक, पुणे)

दोन्ही वनस्पती, पण काम अगदी निराळे. सोनामुखीतला घटक लहान आतड्यातून तसाच पुढे जातो. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचे प्रभावी द्रव्यात रूपांतर करतात आणि ते द्रव्य आतड्याला चाळवते. या प्रवासाला सहा ते बारा तास लागतात, म्हणून ते रात्री घेतात आणि सकाळी परिणाम दिसतो. त्याने मोठे आतडे पार रिकामे होते. रिकामे झालेले आतडे पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात, पण दुसऱ्याच दिवशी ‘झाली नाही’ म्हणून माणूस पुन्हा चूर्ण घेतो. बहुतेकांची सवय अशी लागते. इसबगोलाची भुशी आतड्याला चाळवत नाही. ती पाणी धरून फुगते आणि मळ मऊ, भरदार करते. तिचा परिणाम दिसायला दोन-तीन दिवस लागतात. दीड-दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावे आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. कमी पाण्यात घेतले तर ते घशात किंवा आतड्यात गोळा होऊन अडकू शकते. इसबगोल सुरू करून चूर्ण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करा.

प्रश्न : वडिलांना सिरोसिस आहे. त्यांना बद्धकोष्ठ नाही, तरी लॅक्ट्युलोजचे सिरप कायम घ्यायला सांगितले आहे. रक्तदाब नसताना प्रोप्रॅनोलॉल आणि सोबत लघवीची गोळीही आहे. एवढी औषधे कशासाठी? शेजारी सांगतात की त्यांची डाळ आणि दूध बंद करा. (वाचक, अहिल्यानगर)

सिरोसिसमध्ये यकृत घट्ट आणि गाठाळ होते. त्यातून दोन अडचणी उभ्या राहतात: यकृत रक्त शुद्ध करू शकत नाही आणि आतड्याकडून येणारे रक्त त्यातून वाहू शकत नाही. आपण लिहिलेली प्रत्येक गोळी या दोहोंपैकी एका अडचणीसाठी आहे.

आतड्यातले जिवाणू अमोनिया तयार करतात. एरवी यकृत त्याचे युरिया करून टाकते. सिरोसिसमध्ये तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि माणूस गोंधळतो. लॅक्ट्युलोज ही गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज यांची कृत्रिम जोडसाखर आहे. ती पचवणारे विकर (एन्झाइम) आपल्या लहान आतड्यात नसते, म्हणून ती मोठ्या आतड्यापर्यंत जशीच्या तशी जाते. तिथले जिवाणू तिची आम्ले करतात, आणि आम्लधर्मी वातावरणात अमोनियाचे अशा रूपात रूपांतर होते की तो आतड्याची भिंत ओलांडून रक्तात जाऊ शकत नाही. शौचाबरोबर तो बाहेर पडतो. तेव्हा हे सिरप पोटात जात असले तरी ते मेंदूसाठी आहे. दिवसाला दोन ते तीन मऊ शौचास व्हाव्यात इतकीच मात्रा असावी. चार-पाच पातळ जुलाब होऊ लागले तर शरीरातले पाणी कमी होऊन तोच गोंधळ उलट वाढतो.

एका रुग्णाच्या पत्नीने घरी केलेली युक्ती सांगते. रोज सकाळी ती नवऱ्याला वहीत सही करायला लावत असे. महिनाभर सही सारखी होती. मग एका पानावर अक्षरांचे शेपूट वाकडे झाले, दुसऱ्या दिवशी आडनाव ओळीखाली घसरले. तेव्हा तो नीट बोलत होता आणि कुणालाच काही वेगळे वाटत नव्हते. ती वही घेऊन आली म्हणून उपचार दोन दिवस आधी सुरू झाले. आपणही अशी वही ठेवा. दिवसा झोप आणि रात्री जाग, हेही सुरुवातीचे लक्षण असते; अशा वेळी झोपेची गोळी मात्र कधीही देऊ नका.

प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबासाठी नाही. यकृताकडे येणाऱ्या शिरेतला दाब त्याने उतरतो आणि अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होण्याची शक्यता कमी होते. ‘वडिलांचा रक्तदाब तर ठीक आहे’ म्हणून ती स्वतःहून बंद करू नये. लघवीची गोळी बहुधा स्पायरोनोलॅक्टोन असेल. सिरोसिसमध्ये मीठ धरून ठेवणारे संप्रेरक वाढते, त्याला ती रोखते आणि जलोदराचे, म्हणजे पोटात साठलेले, पाणी उतरवते. पायाला सूज नसेल तर वजन दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त घटू नये, म्हणून रोज सकाळी वजन लिहावे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य. त्या या आजारात मूत्रपिंड बंद पाडतात.

डाळ आणि दूध बंद करण्याचा सल्ला जुना आहे आणि तो हानिकारक आहे. सिरोसिसमध्ये स्नायू झिजतात, आणि अमोनिया निस्तरण्याचे काम यकृतानंतर स्नायूच करतात. आता वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे सांगितले जाते. डाळ, दही, दूध सुरू ठेवा आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे काही खायला द्या, म्हणजे रात्रभराच्या उपाशीपणात स्नायू झिजणार नाहीत.

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे आणि कावीळ झाली आहे. गावात काविळीची माळ घातली आहे, लिव्हरचे टॉनिक, गुळवेलीचा काढा आणि उसाचा रस देतो आहोत. आणखी काय द्यावे? (वाचक, बीड जिल्हा)

हे पत्र हाती आले त्याच दिवशी आपल्या कुटुंबाला दूरध्वनी करून तिला जिल्हा रुग्णालयात नेण्यास सांगितले आहे. येथे उत्तर छापते आहे ते इतर घरांसाठी.

झाडाच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात ओवून केलेली माळ डोक्यावर ठेवतात. काड्या वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांब होत गळ्यात उतरते. माळ वाढली म्हणजे कावीळ उतरली, असे मानतात. अ आणि ई प्रकारची विषाणूजन्य कावीळ बहुतेक निरोगी माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून माळही यशस्वी ठरते आणि टॉनिकही. या काविळींवर यकृताला ‘ताकद’ देणारे कोणतेही टॉनिक सिद्ध झालेले नाही. उर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडची गोळीही सरसकट देण्याची नाही. अस्वलाच्या पित्तात आढळणारे हे आम्ल पित्तनलिकांच्या काही ठरावीक आजारांत आणि गरोदरपणातल्या खाजेच्या काविळीत वापरतात. यकृताची खरी औषधे आहेत ती नेमक्या शत्रूवर. क प्रकारच्या काविळीचा विषाणू सोफोसबुविरसारख्या गोळ्यांनी साधारण बारा आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांत पूर्ण जातो, ब प्रकारचा टेनोफोविरने दबून राहतो, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.

गुळवेलीविषयी सांगणे भाग आहे. करोनाच्या काळात रोगप्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता. तरीही आधीच सुजलेल्या यकृताला असा काढा देण्याचे काही कारण नाही. तापासाठी पॅरासिटामॉल देतानाही जपावे: तिचा काही भाग यकृतात विषारी होतो आणि यकृतातले ग्लुटाथिऑन नावाचे द्रव्य त्याला निष्प्रभ करते, उपाशी, आजारी माणसात ग्लुटाथिऑनचा साठा कमी असतो. निरोगी मोठ्या माणसाची कमाल मर्यादा दिवसाला चार ग्रॅम. यकृताच्या आजारात ती दोन ग्रॅमपर्यंत आणि तीही विचारून. गाड्यावरच्या उसाच्या रसाऐवजी उकळलेले पाणी आणि घरचे साधे जेवण द्यावे.

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ई प्रकारची कावीळ साधी राहत नाही. एरवी तिच्यात शंभरात एखादाच रुग्ण दगावतो. या काळात मात्र चार-पाच स्त्रियांमागे एक दगावू शकते. डोळे किती पिवळे आहेत यावरून धोका कळत नाही. यकृत रक्त गोठवणारी द्रव्ये तयार करते, म्हणून रक्त गोठण्याची वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, ही तपासणी बिलिरुबिनपेक्षा, म्हणजे कावीळ किती आहे हे मोजणाऱ्या तपासणीपेक्षा, जास्त बोलते. पहिल्याच दिवशी ती करून मागावी. सतत उलट्या, दिवसा झोपाळलेपणा, बोलण्यात गोंधळ, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, यांतले एक जरी दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि दिलेल्या सगळ्या गोळ्यांची, काढ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून रुग्णासोबत न्यावीत.